कसारा घाट उतरताना जुन्या फियाटचे ब्रेक कमी पडतात, पुढे डिस्क बसवावेत का?

गोदाकाठ_६९
नमस्कार मंडळी. घरी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट आहे, आजोबांनी घेतलेली, वडिलांनी जपली आणि आता माझ्याकडे आहे. इंजिन एकदम गोड चालतंय, बॉडीचं कामही झालंय, पण ब्रेकचं टेन्शन काही जात नाही. इथे नाशिकात कॉलेज रोड, गंगापूर रोडला फिरवली तर काही जाणवत नाही, पण मुंबईला जाताना इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागलो की निम्म्या घाटातच ब्रेक ऐकेनासे होतात. म्हणजे पेडल खाली जात नाही, उलट घट्टच लागतं, जोर लावून दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही आणि जळका वास येतो. खाली जाऊन अर्धा तास थांबलो की परत पहिल्यासारखे ब्रेक लागतात. शिवाय एरवी पण जोरात दाबला की गाडी थोडी डावीकडे ओढते.

द्वारकेच्या बाजूला एक गॅरेजवाले आहेत ते म्हणाले की पुढे मारुतीचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) टाकून देतो, दोन दिवसात गाडी घेऊन जा. वडील म्हणतात गाडीला एक भोक पाडायचं नाही. मला ओरिजनल वगैरेचं एवढं नाही, गाडीत बायको-पोरं बसतात, गाडी थांबली पाहिजे. काय करू?

सातपूर_लेथ
दादा, आधी तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, आणि थंड झालं की परत नीट, म्हणजे ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं) आणि लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा थर) तापतायत. लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकडच कमी होते, ड्रम पण तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. याऐवजी पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलंय असं म्हटलं असतं, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. आणि नुसतं पाय ठेवून थांबलात आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो त्याचं, आतलं रबर गेलं. तिन्ही आजार वेगळे आणि औषधं पण वेगळी.

डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी लागतोय. उजवा ड्रम काढा, व्हील सिलिंडरचं (चाकातला शू ढकलणारा भाग) बाहेरचं रबर बोटानं उचलून बघा, आत ओलं दिसलं तर सिलिंडर गळतोय आणि ते ऑइल शूवर जातंय. ऑइल प्यालेला लायनर घासून, धुवून, जाळून काही नीट होत नाही, फेकायचाच, आणि एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचा पण बदलायचा. ड्रमची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानं पुसा.

मग ड्रम लेथवर टर्निंगला, म्हणजे आतून गोल तासायला. बऱ्याच जुन्या गाड्यांचे ड्रम ओव्हल झालेले असतात, पेडलखाली धडधड लागते ती त्याचीच. टर्निंग करताना दोन्ही पुढचे ड्रम सारख्याच मापाचे ठेवायला सांगा, आणि ड्रम आधीच पातळ झाला असेल तर टर्निंग करूच नका, पातळ ड्रम लवकर तापतो आणि तुमचा त्रास तर तापण्याचाच आहे. टर्निंग झाल्यावर शूची गोलाई ड्रमच्या गोलाईला बसवून घ्यावी लागते. हे काम नव्वद टक्के ठिकाणी करतच नाहीत. शूला खडू लावायचा, ड्रममध्ये फिरवायचा, खडू फक्त मधेच पुसला गेला तर शू मधेच टेकतोय, म्हणजे लायनर एवढा मोठा असून काम थोडाच करतोय. त्या थोड्या भागावर सगळी उष्णता येणार, मग घाटात वास येईल नाही तर काय.

आणि सगळे रबरी होज (ऑइल नेणाऱ्या नळ्या) बदला. वरून चांगले दिसतात पण आतून फुगून बारीक झालेले असतात, मग ऑइल जाताना जातं पण परत यायला वेळ लागतो आणि ब्रेक चाकाला चिकटून राहतो. असा ब्रेक घाटात येण्याआधीच तापलेला असतो.

अंबड_टर्बो
सातपूरभाऊंचं सगळं मान्य, पण मी डिस्कच्या बाजूनं बोलतो. ड्रम कितीही नीट केला तरी उष्णता आत कोंडणार, डिस्क उघडा असतो, हवा लागते, लवकर थंड होतो, पावसाळ्यात पाणी पण फेकून देतो. आणि ही गाडी डिस्क झेलू शकत नाही असं पण नाही, इटलीत १९६६ ला जी ११०० आर आली तिला फियाटनं स्वतःच पुढे डिस्क दिले होते, आपल्याकडे मात्र जुनं ११०० डी मॉडेलच (तुमची डिलाइट त्यातलीच) चालू राहिलं. आजचा रस्ता १९६९ चा नाही, पुढची नवी गाडी एबीएसवर पटकन थांबते आणि मागून कंटेनर येतोय. त्यामुळे डिस्क लावा, पण नीट लावा.

सातपूर_लेथ
"नीट लावा" याच शब्दावर माझा जीव अडकलाय भाऊ. दोन दिवसात डिस्क म्हणजे काय होतं ते मी लेथवर येणाऱ्या कामावरून सांगतो. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळला जातो, डिस्कला ती मदत मिळत नाही, त्यामुळे तेवढ्याच ब्रेकसाठी जास्त प्रेशर लागतं. जुनाच मास्टर सिलिंडर ठेवला तर पेडल दगडासारखं. ते मऊ करायला बूस्टर टाकतात. ड्रमच्या लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतात. पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम, त्यांचा बॅलन्स बघितला नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकवायला जे ब्रॅकेट करतात ते साध्या पट्टीचं, वेल्डिंग केलेलं, त्याच्यावर अख्ख्या गाडीचा ब्रेक. मला ते बघवत नाही. मापं घेऊन, जाड प्लेट मशीनिंग करून, मास्टर सिलिंडर बदलून, मागचं प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह टाकून कोणी करत असेल तर मी विरोध करणार नाही.

आणि बूस्टर नुसता ड्रमवर टाकला तर पाय हलका होतो, उष्णता तेवढीच राहते. घाटातला प्रॉब्लेम सुटत नाही, उलट हलकं लागतंय म्हणून माणूस जास्त दाबतो. इंजिन बंद पडलं तर बूस्टरची मदत एक-दोन दाबांनंतर संपते हे पण लक्षात ठेवा.

मला पैसे खर्च करायला सांगितले तर मी सगळ्यात आधी दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर बसवीन. तुमच्या गाडीत एकच खाना आहे, म्हणजे कुठलाही एक पाइप किंवा एक रबर फुटलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले, हँडब्रेक सोडून हातात काही नाही. दोन खाने म्हणजे पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी, एक गेली तरी दुसरी राहते. बोअर मात्र जुन्याच्या जवळचा बघा, मोठा घेतला तर पेडल जड होतं, बारीक घेतला तर पेडल खोल जातं.

पेठरोड_कागदपत्र
तांत्रिक बाजू झाली, कागदाची सांगते. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मूळ स्वरूपात असेल तर. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. तुमची गाडी वयात बसते. नंबरात व्हीए येतो, नोंदणी १० वर्षांसाठी असते. पण ती घेतली की गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे मुलांना घेऊन मुंबईला जायचं असेल तर ती नोंदणी तुमच्या कामाची नाही, साधी नोंदणी आणि फिटनेस चालू ठेवा. आणि डिस्क लावायचेच असतील तर आधी पेठ रोडच्या आरटीओत लेखी विचारा, इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर हा विषय निघाला तर खूप त्रास होतो. मूळचे सुटे भाग काढले तर पिशवीत घालून, नाव लिहून ठेवा, वडिलांनाही बरं वाटेल.

गोदाकाठ_६९
सगळ्यांचे आभार. उजवा पुढचा ड्रम उघडला. रबर उचललं तर आत ओलं, शूचा खालचा अर्धा भाग काळा आणि चिकट. ब्रेक ऑइल तर कोऱ्या चहासारखं निघालं. होज वाकवला तर बारीक भेगा दिसल्या. वडील शेजारीच उभे होते, त्यांनी स्वतःच सांगितलं की दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर बसव, त्याला माझी हरकत नाही. तर आता शू, सिलिंडरचं रबर किट, होज, ड्रम टर्निंग आणि मास्टर सिलिंडर एवढं करतोय, डिस्क सध्या नाही. ऑइल कुठलं घालू? आणि झाल्यावर लगेच कसाऱ्याला नेऊन बघू का?

अंबड_टर्बो
लगेच कसारा नको. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल घाला, सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं आणि पाणी ओढल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतं, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

नवे लायनर बसायला वेळ लागतो. आधी त्र्यंबक रोडला सकाळी रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या स्पीडवरून हळू हळू ब्रेक मारत वीसवर या, मधे थंड होऊ द्या, असं बऱ्याच वेळा. मग ड्रमला हात जवळ नेऊन बघा, चिकटवू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला शू अडकतोय. सरळ जाते का बघा. टायरची तारीख पण बघा, टायर कडक झाले असतील तर ब्रेक कितीही चांगले असले तरी पकड टायरचीच लागते.

सातपूर_लेथ
आणि घाटात उतरताना न्यूट्रल कधीच नाही, पेट्रोल वाचतं म्हणून जुनी माणसं करायची. घाट सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या गिअरला या, गाडी इंजिनवर धरा, ब्रेक थोडा वेळ जोरात मारून सोडा, पाय ठेवून घासत येऊ नका. स्पीड साठऐवजी ऐंशी झाला तर थांबवताना ब्रेकला जवळपास पावणेदोन पट उष्णता झेलावी लागते, म्हणून वरच स्पीड कमी ठेवा. ड्रम घेऊन याल तेव्हा चारही आणा, मागचे पण मोजून देतो.