मदत हवी आहे: विद्यापीठाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर न्यावं की ड्रुपलवर? आणि जुन्या परिपत्रकांचं काय?

नमस्कार मंडळी,

मी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणक कक्षात काम करते. आमचं संकेतस्थळ अजून हाताने लिहिलेल्या पानांवर चालतं. एखाद्या विभागाला एक ओळ बदलायची असली तरी मेल आमच्याकडे येतो, आणि आम्ही दोघंच एफटीपीने फाइली चढवत बसतो. प्रवेशाच्या दिवसांत मूळ परिपत्रकाच्या आधी त्याचं शुद्धिपत्रक झळकलं, असंही घडलंय. आता कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमला (वर्डप्रेस, ड्रुपलसारखं, विभागांना स्वतः पानं बदलता येतील असं सॉफ्टवेअर) मान्यता मिळाली आहे आणि निविदेच्या तांत्रिक अटी लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

हे काम मला मनापासून नीट करायचंय. त्याचं कारण सांगते. गेल्या सत्रात एक अंध विद्यार्थी कक्षात आला. परीक्षेचं वेळापत्रक वाचता येत नाही म्हणाला. त्याने टेबलावर लॅपटॉप ठेवून आमचीच पीडीएफ उघडली. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं त्याचं सॉफ्टवेअर, एवढंच बोललं, की डॉक्युमेंट रिकामं आहे. मला मात्र पडद्यावर तारखा, विषय, सही, गोल शिक्का, सगळं दिसत होतं. स्कॅन केलेलं चित्र होतं ते. मग मी एकेक ओळ वाचत गेले आणि तो टाइप करत गेला. बावीस पेपर होते.

आमच्याकडे परिपत्रक निघतं ते असं: विभागातला लिपिक जुन्या फाँटमध्ये टाइप करतो, प्रिंट काढतो, सही होते, जावक क्रमांक पडतो, मग स्कॅन होऊन आमच्याकडे मेल येतो. नवी सिस्टिम आली तरी तिच्यात हाच स्कॅन जोडला जाणार असेल, तर त्या मुलासाठी काय बदललं? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आणि जीआयजीडब्ल्यू ३.० (सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) हे दोन्ही मी टिपणीत घातले आहेत. पण सही झालेल्या प्रतीसोबत युनिकोड मजकूरही (कुठल्याही संगणकाला अक्षरं म्हणून वाचता येणारा) द्यायचा, ही सवय कार्यालयाला कशी लावायची?

सॉफ्टवेअरबद्दल माझा कल ड्रुपलकडे आहे. मराठी आणि इंग्रजी पानांची जोडी सांभाळायची सोय तिथे आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, गाभ्यातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, लागतं. धास्ती एकच: आम्ही दोघं, आणि त्यातला एक कंत्राटी. तो गेला तर अपडेट कोण करणार? वर्डप्रेस येणारी माणसं आमच्या गावात तरी सहज मिळतात.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा. निकाल वेगळ्या सर्व्हरवर आहेत, ते सोडून द्या.

प्रतिसाद

ताई, आम्ही महाविद्यालयासाठी वर्डप्रेस घेतलं. एक गोष्ट आधीच ठरवा. विभागाच्या माणसाला ‘काँट्रिब्युटर’ केलंत तर तो मजकूर लिहू शकतो, पण फाइल चढवू शकत नाही. ‘ऑथर’ केलंत तर फाइल चढते, पण तो कुणाला न विचारता प्रकाशितही करू शकतो. परिपत्रकाला या दोन्हींच्या मधलं काहीतरी लागतं, त्यामुळे अधिकार वेगळे बांधून घ्यावे लागतात. ड्रुपलमध्ये मसुदा, तपासणी, प्रकाशन असे टप्पे गाभ्यातल्या मॉड्यूलनेच लावता येतात. तुमच्याकडे सही कुलसचिवांची असते, तर ते टप्पे उपयोगी पडतील. मात्र ठेकेदार जुनं ड्रुपल ७ गळ्यात मारत नाही ना ते बघा. त्याचा आधार ५ जानेवारी २०२५ला संपला.

प्रतिसाद

दोन गोष्टी अनुभवाच्या. पहिली, जुने दुवे. नॅकला (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दिलेल्या अहवालांत तुमच्या संकेतस्थळावरच्या कागदांचे पत्ते असतील. स्थलांतरात पत्ते बदलले की ते सगळे तुटतात. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी आणि ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) हे ठेकेदाराच्या कामात लेखी घाला, नंतर कुणी करून देत नाही. दुसरी, फाँट. जुन्या फाँटमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते; रफाराचीही जागा बदलते. कन्व्हर्टर निवडताना त्याला ‘विद्यार्थी’ हा शब्द देऊन बघा, दोन्ही गोष्टी तिथेच कळतात. आणि रूपांतर झाल्यावर माणसाच्या डोळ्याखालून गेलंच पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काँट्रिब्युटरची अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती. आता अटींत टप्प्यांची मान्यता, रीडायरेक्टची यादी आणि मजकूर रिकामा असेल तर परिपत्रक पुढे न सरकणं, या तिन्ही घालते. जुन्यांपैकी आधी परीक्षा आणि शिष्यवृत्तीची परिपत्रकं टाइप करून घ्यायचा विचार आहे, बाकीची मागणी येईल तशी. त्या विद्यार्थ्याला फोन केला होता. ठेकेदाराचं प्रात्यक्षिक होईल तेव्हा लॅपटॉप घेऊन येतो म्हणालाय.

एक प्रश्न उरलाच: लिपिकांना इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक शिकवावा, की त्यांच्या सवयीचा, टाइपरायटरवरचा रेमिंग्टन युनिकोडमध्ये लावून द्यावा? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?