ग्रॅनाइट कटिंग करणाऱ्या भावाचा खोकला जात नाहीये

भाऊ ग्रॅनाइट कटिंगला जातो, सगळं कोरडंच कापतात, तोंडाला नुसता रुमाल. खोकला कित्येक महिने आहे, जिना चढला की धाप लागते. टीबी निगेटिव्ह आलाय, आता काय करू?

> सिलिकोसिस (दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा आजार) असू शकतो. छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना तो काय काम करतो ते स्वतःहून सांगा, बरेचदा कुणी विचारतच नाही. फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही ताई, म्हणून धूळ आधी बंद करा. टीबीचा धोकाही वाढतो, तपासणी परत करत राहा.

> रुमालाने दगडातली बारीक सिलिकाची धूळ अडत नाही हो! ब्लेडवर पाणी सोडून कापलं तर धूळ खूप कमी उडते, शिवाय एन९५ मास्क नीट घट्ट बसणारा हवा.

> पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? मग व्यावसायिक आजार म्हणून लाभ मागता येतो, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.