'द हँग्ड मॅन' म्हणजे आपलं सोडून द्या, असंच असतं का?

रावपुरा_लेक

नमस्कार मंडळी. बडोद्यातले कोणी टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे ते चित्रांचे पत्ते, जाणणारे इथे असतील तर थोडी मदत हवी आहे.

रावपुऱ्यात आमचा जुना वाडा आहे, तांबेकर वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई आधीच गेली, नंतर वडील गेले. आम्ही तिघं, दोन भाऊ आणि मी. बिल्डर मागे लागलाय. भावांचं म्हणणं, मी वाड्यावरचा हक्क सोडून द्यावा म्हणजे कागद सरळ होतील. भांडण अजिबात नाही. दोघंही मायेनं बोलतात, भाऊबीजेला येतात, म्हणूनच तर नाही म्हणायला जड जातंय. आणि होही म्हणवत नाही. त्याच वाड्यात मी जन्मले, बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्याच माडीवर राहिले.

ह्या घोळात एक मैत्रीण मला टॅरो बघणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पत्ते पसरले, मी एक ओढला. बारा नंबर, द हँग्ड मॅन. बाई लगेच म्हणाल्या, "बघा, पत्ताच सांगतोय. त्याग करा. सोडून द्या, मोकळ्या व्हाल." मी मोबाइलवर पत्त्याचा फोटो काढून आणला होता. तो सासूबाईंनी बघितला. "उलटा टांगलेला माणूस? हा तर त्रिशंकू. असलं काही घरात ठेवू नये," म्हणाल्या.

फोटो मात्र माझ्याच्यानं काढून टाकवत नाही. त्या माणसाचा चेहरा सारखा बघावासा वाटतो. एका पायावर लटकलेला माणूस इतका शांत कसा? चित्रात त्याग नक्की कुठे काढलाय, ते कोणी समजावून सांगेल का?

तारा_सुभानपुरा

ताई, आधी भीती काढून टाका. हा पत्ता अशुभ नाही. मी बरीच वर्षं पत्ते वाचते. हँग्ड मॅन आला की मी समोरच्याला 'आत्ता थांबा' असं सांगते. घाईनं पाऊल उचलू नका, तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं बघा. शेजारी कोणते पत्ते आले त्यावरही बरंच ठरतं. एकट्या एका पत्त्यावरून कोणाला 'सोडून द्या' सांगणं मला तरी पटत नाही, आणि घराच्या हिश्श्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

रेघोट्या

रावपुरा_लेक, वयानं मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते.

मी पत्ते वाचत नाही, भविष्य सांगत नाही. चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. कॉलेजच्या दिवसांत आमचे सर आम्हाला कीर्तिमंदिरात नेऊन नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांपुढे बसवायचे आणि बजावायचे, आधी काय काढलंय ते सांगा, अर्थ मागाहून. तू विचारलंस 'चित्रात कुठे काढलाय', तेव्हा मला फार बरं वाटलं. हाच प्रश्न खरा आहे.

तू चेहऱ्याचं सांगतेस त्यावरून तुझा पत्ता रायडर-वेट संचातला असणार, १९०९ साली लंडनला निघालेला. आता फोटो पुढ्यात घे. माणूस उजव्या पायानं टांगलाय. डावा पाय गुडघ्यात मोडून उजव्याच्या मागे नेलाय. हात पाठीमागे आहेत. ते बांधलेत की त्यानंच मागे घेतलेत, हे आपल्याला दिसू दिलेलं नाही. निळा अंगरखा, लाल तुमान, डोक्याभोवती पिवळं तेजोवलय. आणि ज्या लाकडाला तो टांगलाय त्याला पानं फुटलेली आहेत! फाशीच्या खांबाला कोणी पानं काढतं का? ते जिवंत झाड आहे. मागे डोंगर नाही, गाव नाही, नुसता करडा रंग. जल्लाद नाही, बघे नाहीत.

आता त्यागाचं बघू. त्यागाचं चित्र काढायचं तर देणारा लागतो तसा घेणाराही लागतो. कर्ण कवचकुंडलं काढून देतोय तर पुढे ब्राह्मणाच्या वेषात इंद्र हात पसरून उभा असतो. शिबी राजा मांडी कापतोय तर तराजू असतो, ससाणा असतो. इथे कोण आहे? हात पसरून कोणीही उभं नाही. त्या माणसाच्या हातून काही सुटतंय असंही कुठे दाखवलेलं नाही. मग 'सोडून द्या' हे त्या बाईंनी कुठून वाचलं?

हा संच ज्याच्या कल्पनेवर बेतला तो आर्थर एडवर्ड वेट. त्यानं ह्या पत्त्यांवर पुस्तक लिहिलं आणि ह्या चित्रातल्या तीन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधलं. झाड जिवंत आहे, पानांसकट. चेहऱ्यावर यातना दिसत नाहीत, खोल तंद्री दिसते. आणि आकृती थांबलेल्या जीवनाची आहे, पण जीवनाचीच, मरणाची नव्हे. ह्या पत्त्याला हौतात्म्याचा किंवा कर्तव्याचा पत्ता म्हणणं खोटं आहे, असंही त्यानं स्पष्ट लिहिलंय. पुढे फलादेशाच्या यादीत त्यानं 'त्याग' घातला आहे, हेही सांगायला हवं. पण त्याच्या आधी तिथे शहाणपण आहे, सावधपणा आहे, पारख आहे, कसोटी आहे. तुझ्या बाईंनी त्या रांगेतून एकच शब्द उचलला आणि तुझ्या हातात ठेवला. मला ह्याचा राग येतो. बाईमाणसाला पत्ता दाखवून त्याग शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

मुळात टॅरो हा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला काढले गेले, जसा आपल्या सावंतवाडीचा १२० गोल पानांचा दशावतारी गंजिफा. भविष्य बघायची चाल रुजली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आणि त्या जुन्या इटलीत ह्या पत्त्याचं एक नाव होतं 'गद्दार'. तिथल्या शहरांत फितूर माणूस किंवा देणी बुडवून पळालेला हाती लागला नाही की त्याचं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर रंगवायचे, एका पायानं उलटं टांगलेलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. फ्लॉरेन्समध्ये १४४० च्या सुमारास आंद्रेआ देल कास्तान्यो ह्या चित्रकारानं अशी चित्रं रंगवली आणि लोकांनी त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' असंच नाव पाडलं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पंधराव्या शतकातला एक संच आहे, त्यातल्या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशाच्या थैल्या आहेत. म्हणजे सुरुवातीला हा पत्ता होता बेअब्रूचा. साडेचारशे वर्षांनी तोच माणूस, तीच टांगण, पण वेटच्या संचात त्याच्या डोक्याभोवती वलय आलं आणि लाकडाला पानं फुटली. जगानं गद्दार म्हणून टांगलेला माणूस आतून उजळलेला असू शकतो, हे मला ह्या चित्रातलं सगळ्यात मोठं वाटतं. नाही म्हटलंस तर चार नातेवाईक तुला काय काय म्हणतील ह्याची धास्ती तुझ्या पत्रात मला दिसते, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं.

आणखी एक. ही चित्रं वेटनं काढलेली नाहीत. काढली पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर पत्त्यांची सगळी. काम फार मोठं आणि पैसे फार थोडे, असं तिनं त्याच वर्षी एका फोटोग्राफर मित्राला पत्रात लिहिलं होतं. संचाला नाव मिळालं ते प्रकाशकाचं आणि लेखकाचं. १९५१ साली ती इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला वारली, हलाखीत. हल्ली कुठे लोक 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणू लागलेत. पण तिनं प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आपली वळणदार सही गुंफून ठेवली होती. तुझ्या फोटोतही असेल, मोठा करून बघ.

काळा_कोट

ताई, पत्त्यातलं मला काही कळत नाही. कायद्यातलं एवढं सांगतो. वाडा वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात ते स्पष्ट केलंय. वाडा वडिलांनी स्वतः घेतलेला असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तरी तुमचा वाटा भावांइतकाच. हक्क सोडल्याचा दस्त नोंदणी करून एकदा झाला की मागे घेणं फार कठीण जातं. सिटी सर्व्हेचा उतारा काढा, मृत्युपत्र आहे का ते बघा, आणि तुमचा स्वतःचा वकील करा. बिल्डरचा वकील तुमचा नव्हे.

रावपुरा_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपऱ्यातली सही सापडली, काकू.

दोन गोष्टी राहिल्या. एक, सासूबाई त्रिशंकू म्हणाल्या त्याचं काय? आणि दुसरी, मी पत्ता ओढून उलगडला तेव्हा माझ्या बाजूनं त्या माणसाचं डोकं वर होतं. बाईंनीच तो फिरवून 'नीट' ठेवला. त्यानं काही फरक पडतो का?

तारा_सुभानपुरा

फरक पडतो, ताई, पण वाचणाऱ्याच्या पद्धतीप्रमाणे. काही जण पत्ते कायम सरळच वाचतात, तसं असेल तर त्यांनी फिरवणं ठीक. मी उलटे पत्तेही वाचते. आणि उलट्या, म्हणजे डोकं वर आलेल्या, हँग्ड मॅनला मी म्हणते, निरर्थक त्याग. कोणी मागितला म्हणून दिलेला, ज्यानं कोणाचंच भलं होत नाही असा. वेटनं उलट्या पत्त्याला स्वार्थ, गर्दी असे अर्थ दिलेत. तुमच्या मागे कोणाची घाई लागलीय ते आठवा.

रेघोट्या

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना त्रिशंकू आठवला हे अगदी बरोबर आहे, आपल्याकडे उलटं लटकणारा राजा तोच. पण रामायणातली गोष्ट बघ. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नकार दिला, विश्वामित्रांनी वर पाठवलं, इंद्रानं खाली लोटलं, विश्वामित्रांनी अधांतरी थांबवलं. दोघांच्या हट्टात तो अडकला, त्याचं त्याला काही ठरवताच आलं नाही. म्हणून ती अवस्था वाईट. ह्याच्या उलट नॉर्वे-आइसलंडकडच्या पुराणात ओडिन देव आहे. तो आपण होऊन नऊ रात्री झाडाला टांगून राहिला आणि रून अक्षरांची विद्या मिळवून उतरला. टांगलेले दोघंही. भाऊ आणि बिल्डर ह्यांच्या मधे तू लटकलीस तर त्रिशंकू. 'मला वेळ हवा, मी विचार करतेय' असं तोंडानं सांगून तू थांबलीस तर गोष्ट वेगळी. तुला ह्यातलं काय करायचंय ते तुलाच ठरवायचंय, पत्त्याला नाही.

फिरवलेल्या पत्त्याचं मी चित्रकार म्हणून सांगते. फोटो उलटा कर. आता तो माणूस एका पायावर उभा दिसेल, दुसरा पाय मागे दुमडलेला, नाचताना घेतात तसा. मग त्याच संचातला एकवीस नंबरचा पत्ता काढ, द वर्ल्ड. हिरव्या माळेच्या आत एक बाई नाचतेय. तिचेही पाय तसेच, एक सरळ आणि एक मागे दुमडून. आकडे बघ, १२ आणि २१. हे ठरवून केलं असेल की नसेल, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की डोळ्याला नातं दिसतंच.

आणि एक काम कर. साधा कागद नि पेन्सिल घे आणि हा माणूस स्वतः काढ. आधी सरळ पत्ता बघून, मग फिरवून. घोट्यापाशी सावकाश काढ. सगळं वजन तिथेच आहे.