मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरचं पिल्लू फिरायला नेलं की रस्त्यावरचं काहीही गिळतं

नमस्कार मंडळी,

आमची बुंदी साडेचार महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे. घरात अगदी गुणी. शी-शूची जागा कळली आहे, हाक मारली की धावत येते. पण सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलं की नाक जमिनीला टेकतं आणि पुढच्या क्षणी तोंडात काय असेल सांगता येत नाही.

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. गेल्या महिनाभरात तिने वडापावचे तेलकट कागद, गुटख्याची पुडी, लिंबू-मिरचीतलं लिंबू आणि तळजाईच्या वाटेवरची कणसाची बुरकुंडं उचलली. सर्वपित्रीला कुणीतरी कोपऱ्यावर कावळ्यासाठी पान वाढून ठेवलं होतं, त्यातली खीर तिने दोन घासांत संपवली. बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात हे ऐकून होते, म्हणून मी तिथेच उकिडवी बसून उरलेल्या खिरीत बेदाणे दिसतात का ते बोटाने चाचपत होते. नव्हते, सुदैवाने.

खरी घाबरले ते गेल्या मंगळवारी. चायनीजच्या गाडीमागे तिला कोंबडीच्या तंगडीचं हाड सापडलं. आजवर मी एकच करत आले: जबडा उघडायचा, दोन बोटं आत घालायची, वस्तू ओढून काढायची. सुरुवातीला ती सोडायची. या वेळी मी नुसती वाकले, तर तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि हाड न चावता गिळलं. गळ्यावरची कातडी वर-खाली झालेली मला दिसली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड पोटात होतं. लक्ष ठेवायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे. दोन रात्री मी तिच्याशेजारी सतरंजी घालून झोपले. आता ती बरी आहे.

पण शुक्रवारी सकाळी सासऱ्यांनी तिच्या तोंडातलं बुरकुंड काढायला हात पुढे केला आणि ती गुरगुरली. बाबा ७४ वर्षांचे आहेत, उजवा खांदा दुखरा आहे, आणि सकाळचा फेरा हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आनंदाचा तास आहे. तो मला बंद करायचा नाही.

मला विचारायचंय ते हे: तोंडातून वस्तू ओढून काढायची की नाही? नाही काढली तर दुसरं काय करायचं? तोंडाला जाळी लावणं क्रूरपणाचं आहे का? आणि बाबांना झेपेल असं काही आहे का?

प्रतिसाद

कान धरून नाकावर एक चापट द्या. आमच्या गावाकडच्या कुत्र्याला दोनदा दिली, परत काही उचललं नाही.

प्रतिसाद

ताई, चापट अजिबात नको, आणि बोटं घालणंही आजपासून बंद. माझी ही तिसरी लॅब, पहिलीच्या बाबतीत मी नेमकी तुमचीच चूक केली होती.

बुंदीच्या बाजूने बघा. माणसाचा हात तोंडाजवळ आला की आपली वस्तू जाते, हे ती तुमच्याकडूनच शिकली. मग वस्तू वाचवायची सुरक्षित जागा एकच उरते, पोट. तुम्ही जितक्या झपाट्याने वाकाल तितक्या झपाट्याने ती गिळेल. गुरगुरणं म्हणजे ती बोलून सांगतेय की मला भीती वाटतेय. त्यासाठी मारलं तर ती गुरगुरणं सोडेल आणि एक दिवस सूचना न देता चावेल.

त्यामुळे आधी हाताचा अर्थ बदलायचा. घरात तिला एखादं साधं खेळणं द्या. ती चघळत असताना उकडलेल्या चिकनचा तुकडा (मीठ, कांदा, लसूण काही नको) तिच्या नाकाशी धरा. तोंड उघडून खेळणं पडतं, त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि मग *खेळणं परत द्या*. हे परत देणं बहुतेक लोक विसरतात आणि सगळं तिथेच अडतं. सोडलं तरी आपलं नुकसान होत नाही, हे तिला पटायला हवं. एका वेळी पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. तुकडा दाखवायच्या आधीच नुसत्या शब्दावर तोंड उघडायला लागली की खेळण्याऐवजी पुठ्ठा, मग कागद, मग खरोखर आवडीची वस्तू.

दुसरा शब्द ‘राहू दे’. हा उचलायच्या आधीचा. मुठीत खाऊ धरून मूठ तिच्यापुढे ठेवा. ती चाटेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प राहा. ज्या क्षणी ती नाक मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून खाऊ द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही. जमलं की उघडा तळवा, मग जमिनीवर पायाखाली, मग पट्टा लावून त्याच्याशेजारून चालणं. घाई करू नका, माझ्या मधल्या कुत्र्याला रस्त्यावर जमायला दीड महिना लागला.

आणि फिरताना तिच्या नाकाकडे बघू नका, दहा पावलं पुढच्या रस्त्याकडे बघा. तिच्याआधी हाड तुम्हाला दिसलं पाहिजे. लांबणारा पट्टा घरी ठेवा, चार-पाच फुटांचा साधा घ्या. ती आपणहून वर तुमच्याकडे बघेल तेव्हा प्रत्येक वेळी खाऊ. रस्त्यापेक्षा वर बघण्यात फायदा आहे, हे तिला कळू द्या.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत. एक भर घालतो. लॅबची ही हाव नुसती वाईट सवय नसते. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांचा जीव अन्नात जास्त अडकतो, वजनही जास्त असतं. तुमच्या संस्कारांत काही कमी पडलं असं मनाला लावून घेऊ नका. पण भुकेली दिसते म्हणून ताटलीही वाढवू नका. शिकवायचा खाऊ तिच्या रोजच्या मापातूनच काढा.

शिवाय या वयात दुधाचे दात पडून पक्के दात येत असतात, हिरड्या शिवशिवतात. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. घरी फडकं ओलं करून पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तुमच्यासमोर चघळायला द्या. झालं की काढून घ्या, म्हणजे अर्थातच अदलाबदल करून.

प्रतिसाद

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून जाळीबद्दल आणि धोक्यांबद्दल लिहिते.

जाळी क्रूर नाही, चुकीची जाळी क्रूर आहे. तोंड करकचून बांधणारी कापडी पट्टी फिरताना वापरू नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, ते बंद पडतं. टोपलीसारखी हवी, जिच्यात तोंड पूर्ण उघडता येईल, पाणी पिता येईल. पहिले सात-आठ दिवस ती नुसती वाटीसारखी धरा, आत दही लावा, बुंदी स्वतःहून तोंड घालेल. पट्टा बांधायची घाई नको. आणि मऊ पदार्थ जाळीतून आत जातातच, तेव्हा लक्ष ठेवावं लागेलच.

बुरकुंडाला हलकं घेऊ नका. हाड एक्स-रेत दिसतं, बुरकुंड आणि फडकं बऱ्याचदा दिसत नाही आणि आतड्यात अडकून बसतं. पुन्हा पुन्हा उलटी, अन्नावरून तोंड फिरवणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. उंदराच्या औषधाबद्दल तर विशेष सांगते. त्यातल्या काही प्रकारांनी रक्त गोठायचं थांबतं, पण कुत्रा पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो. पाकीट सापडलं तर ते घेऊनच डॉक्टरकडे जा, त्यावर व्हिटॅमिन के-१ चा उपचार असतो आणि तो वेळेत सुरू व्हावा लागतो. उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. जंताचं औषध आणि लसींच्या तारखाही एकदा तपासा. दुसऱ्या कुत्र्यांची विष्ठा तोंडात गेली की जंत आणि पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) दोन्हींची भीती असते.

काकांसाठी: साडेचार महिन्यांची लॅब पंधरा किलोच्या आसपास असते, खांद्याला हिसका बसला तर तोल जाईल. त्यांना सोसायटीच्या आवारातला फेरा द्या, रस्त्याचा तुम्ही घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोळा दिवस झाले, सांगायला आले.

बोटं घालणं त्याच दिवशी थांबवलं. पहिले चार दिवस फार अवघड गेले, कारण ती काहीतरी उचलायची आणि माझे हात आपोआप पुढे जायचे. मी चक्क ओढणीत हात गुंडाळून ठेवायला लागले. बाबांनी आवाराचा फेरा मान्य केला, पण त्यांनी एक गोष्ट स्वतःच शोधली. ते सहाला निघायचे, झाडूवाल्या ताई साडेसहाला येतात. आता ते सातला निघतात. रात्रीचा अर्धा कचरा तोवर गेलेला असतो.

‘सोड’ घरात पक्कं झालंय. काल संध्याकाळी मी आणि बाबा दोघं तिच्याबरोबर होतो आणि तिने फाटकापाशी बुरकुंड उचललं. बाबा वाकले नाहीत. सरळ उभे राहिले, हळू आवाजात ‘सोड’ म्हणाले. बुंदीने त्यांच्याकडे पाहिलं, दोन वेळा जबडा हलवला आणि ते त्यांच्या चपलेजवळ टाकलं. चिकनचा तुकडा देताना बाबांचा हात थरथरत होता. गुरगुरणं त्या शुक्रवारनंतर पुन्हा नाही.

‘राहू दे’ मात्र रस्त्यावर अजून जमत नाही, दहापैकी तीनदा जेमतेम. जाळीत ती आता दह्यासाठी आपणहून तोंड घालते, पट्टा अजून बांधलेला नाही.

आता दिवाळी तोंडावर आहे. फटाक्यांचे जळके कागद आणि न उडालेले लवंगी सगळीकडे पडलेले असतील, आणि त्यांच्या वासाला ती जाणारच. ज्यांच्याकडे पिल्लाची पहिली दिवाळी होऊन गेली आहे त्यांनी ते चार-पाच दिवस कुठे आणि किती वाजता फिरवलं, ते कृपया सांगाल का?