भोपळ्याची इलेक्ट्रिक गिटार: टोन कशाने बदलतो?

मिरजेहून प्रश्न: मंडळी, आमच्या गल्लीत सतारी बनतात. चीर गेलेला एक भोपळा फुकट मिळालाय. त्याला गिटारची मान जोडून इलेक्ट्रिक करतोय. भोपळ्याने टोन बदलेल का?

सांगलीहून: पोकळ ठेवलास तर अँप वाढवताच फीडबॅकने (स्पीकरचा आवाज परत गिटारीत शिरून) कोकलेल. टोन मुख्यतः पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकाचा: ब्रिजजवळ (खालच्या घोडीजवळ) टोकदार, मानेजवळ गोल. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४१ च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या होत्या. बाजूला जोडलेले गिटारच्या आकाराचे पंख निव्वळ दिसायला!

विट्याहून: माझी फ्लाइंग व्हीची (इंग्रजी V आकाराच्या गिटारची) कॉपी. बसलं की मांडीवरून घसरते, बाकी आवाज सरळ. पिकअप दोन मिलिमीटर खाली घेतला, तेव्हा कुठे गढूळपणा गेला.

मिरजेहून: मग भोपळ्यातून सागवानी पट्टी आरपार, पिकअप त्यावरच. वडील म्हणतात, आधी सतारीच्या घोडीला जवारी लावायला (ती घासून झंकार जुळवायला) शीक.