आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा
ग्राहकाच्या वेबसाइटच्या देखभालीच्या करारात काय घ्यावं, या प्रश्नावर बहुतेकांनी बॅकअप आणि अपडेट सांगितलेत. बरोबरच आहे, पण मी डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता, आधी धरेन. ते ग्राहकाच्याच नावावर हवं, आपल्याला, म्हणजे साइट सांभाळणाऱ्यांना, तांत्रिक प्रवेश पुरे. माझ्याकडे आलेल्या एका ग्राहकाचं डोमेन जुन्या डेव्हलपरच्या खात्यात होतं आणि नूतनीकरणाच्या सूचना कुणी उघडतच नाही अशा ईमेलवर जात होत्या. एके सकाळी साइट बंद, त्याच डोमेनवरचे ईमेलही बंद! डॉट कॉम रद्द झालं की सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, तेही जास्तीचे पैसे भरून. आमचं थोडक्यात वाचलं. आता पहिल्याच भेटीत ग्राहकाला शेजारी बसवून रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्यातला ईमेल तपासते. आणि हो, बॅकअप एकदा दुसऱ्या सर्व्हरवर चढवून साइट खरंच उघडते का ते बघाच.