फॉरवर्ड कंट्रोलचा सोलेक्स चिंचेच्या पाण्यात? (चर्चा धागा)

परतवाडा पाना:
परवापासून एक सल्ला फिरतोय. जुन्या पेट्रोल फॉरवर्ड कंट्रोलवर (इंजिनावरच केबिन असलेली जीप-ट्रक) बांधलेल्या कॅम्परचा (राहायची सोय केलेल्या गाडीचा) सोलेक्स कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, म्हणे ‘घरच्या घरी नवा’ करा: बॉडी तासभर चिंचेच्या पाण्यात उकळा, जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या) सुईनं मोकळे करा, झाकण एम-सीलनं बसवा, आणि चिखलदऱ्याच्या घाटात दम पुरत नसेल तर मेन जेट ड्रिलनं मोठा करा. चारही सल्ले कार्ब मारणारे आहेत आणि लोक खाली हात जोडून धन्यवाद देत आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

चिंचेनं पितळेचा गडवा उजळतो. सोलेक्सची बॉडी पितळेची नाही, जस्ताच्या मिश्रधातूची आहे आणि आम्लात जस्त विरघळतं. वरून चकाकी येते, पण आत आयडलची (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवणारी) वाट आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळची प्रोग्रेशनची (आयडलवरून वेग घेताना पेट्रोल देणारी) बारीक भोकं कायमची खराब होतात. मग गाडी ॲक्सिलरेटर दाबताच गचका देते आणि मिस्त्री ॲक्सिलरेटर पंपाला शिव्या घालतो. बॉडी रात्रभर रॉकेलमध्ये किंवा थिनरमध्ये ठेवा (रबर आणि डायफ्रॅम, म्हणजे पंपाचा लवचीक पडदा, आधी काढून), मऊ ब्रश मारा, कार्ब क्लीनर फवारा, शेवटी हवा. हवेचा दाब 2-3 बार पुरे, आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता डबा) आधी बाहेर काढा, नाहीतर चेपतो.

जेटमध्ये सुई घालू नका. पितळ मऊ असतं, एका ओरखड्यानं प्रवाह बदलतो. मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी घ्या.

झाकण एम-सीलनं बसवायची पाळी येते कारण कुणीतरी स्क्रू करकचून झाकण वाकवलेलं असतं. सपाट काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासा, नवं कागदी गॅस्केट कोरडंच लावा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. सिलिकॉनही नको. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि त्याचा तुकडा थेट जेटवर जाऊन बसतो.

हे सगळं करण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा: एफ-हेडला, म्हणजे या गाडीच्या पेट्रोल इंजिनाला, इनटेक 18 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट 16 थाऊ, इंजिन थंड. इग्निशनचे पॉइंट आणि टाइमिंगही. अर्धे ‘कार्ब गेले’ इथंच बरे होतात.

वऱ्हाडी टॅपेट:
तो सल्ला माहाच होता. नाव घेऊन बोलाचं होतं, लाजता काहून? दर्यापूर-अंजनगावकडं लोकायनं असेच कार्ब चालवले अन् गाड्या बाजार करून रायल्या. काचेवर घासा, नायलॉनची दोरी आना, गॅस्केट कोरडं लावा... कार्ब हाय का लेकराचं बारसं? अन् कार्बचं रिपेअर किट भेटते कुठी? नागपूरले चक्कर मारा, तिथं दुकानदार तिसऱ्याच मॉडेलचं पुडकं हाती देते. डायफ्रॅम नवा टाकला तं पयल्याच उन्हाळ्यात आखडते. हे तुमचं वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं तेव्हापासून रबर टिकतच नाही. ऊस सांगली-कोल्हापूरचा अन् पानी आमच्या टाकीत!

जेट नंबर 125:
ऊस एकट्याचा दोष नाही. मक्यापासून, तुकडा तांदळापासूनही इथेनॉल होतं, म्हणजे भंडारा-गोंदियाचा धानही त्यात आला. पण रबराचं म्हणणं खरं आहे. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, गाडी महिनाभर उभी राहिली की सुकून तडकतं. किट घेताना नीडल व्हॉल्व्हचं (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईचं) टोक व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, आहे का ते विचारा, पेट्रोलचा पाइप ‘एसएई जे30 आर9’ छापलेला घ्या. साधा काळा पाइप आतून सुटतो आणि तो फिल्टरनंतरचा पाइप असेल तर त्याचा चुरा सरळ नीडलखाली अडकतो.

आता जेटचं. ड्रिल चूक, पण मोठा जेट ही मागणी चूक नाही. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण 14.7, ई20 ला (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे 9 टक्के जास्त इंधन हवं. भोकाचं क्षेत्रफळ 9 टक्के वाढवायला व्यास साधारण 4 टक्के वाढतो: 120 चा जेट (म्हणजे 1.20 मिलिमीटरचं भोक) असेल तर 125. गाडी ई10 वर सेट केलेली असेल तर 122.5 पुरे.

घाटवळण:
कागदावर झकास. पण चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या आसपास आहे. परतवाड्याहून वर जाताना हवा सुमारे 7 टक्के विरळ होते आणि मिश्रण आपोआप तीन-साडेतीन टक्के दाट होतं. तुमचा 125 वर जाऊन काळा धूर सोडेल. शिवाय या गाड्यांचे मूळ जेट वर्षानुवर्षं तारा घालून आधीच मोठे झालेत. 120 छापलेला जेट खरंच 120 आहे हे कोण सांगणार?

जेट नंबर 125:
घाटात सगळ्यात जास्त ताण कुठं येतो? खालच्या वळणांवर, दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना. तिथं हवा अजून विरळ झालेलीच नसते. त्यात मागं पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. लीन (पेट्रोल कमी पडलेल्या) मिश्रणावर एवढं ओझं ओढलं की आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. वर पोचल्यावर थोडा धूर परवडला, खाली जळलेला व्हॉल्व्ह नाही. जेटची शंका असेल तर नवा जेट लावा, चारचौघांत वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतो.

घाटवळण:
स्वस्त-महागाची भाषा मला नको. प्लग बघितल्याशिवाय जेट बदलायला सांगणं म्हणजे नाडी न बघता सलाईन लावणं. चढावर टॉपच्या खालच्या गिअरात पूर्ण थ्रॉटल ओढा, तिथंच क्लच दाबून इग्निशन बंद करा, बाजूला घेऊन प्लग काढा. पोर्सेलिन पांढरंफेक आणि टोकावर दाणे असतील तर लीन. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. आणि ई20 वर रंग एरवीपेक्षा फिकाच दिसतो, तेवढ्यावर घाबरून 130 टाकू नका.

वऱ्हाडी टॅपेट:
पाहा, दोघं इंजिनेर एकमेकायच्या उरावर बसले अन् चिच राहिली बाजूले. घाटात बंद इग्निशनवर ब्रेकले मागून कोन धरीन? ब्रेकले जोर देनारा बुस्टर नाही म्हनून बरं.

गोंदिया डिझेल:
एवढी कटकट कशाला? उचलून डिझेल इंजिन टाका. विदर्भातल्या अर्ध्या जिपांत तेच झालंय.

परतवाडा पाना:
झालंय, आणि त्यातल्या कितींच्या आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद आहे? बदल करायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. नोंद नसली की फिटनेसला गाडी अडते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. जड इंजिनानं पुढच्या कमानपाट्या (स्प्रिंग) बसतात ते वेगळंच. धागा कार्बचा आहे, डिझेलची आरती दुसरीकडं करा.

गोंदिया डिझेल:
धागा कार्बचा होता तेव्हा तुमच्या इथेनॉलवाल्यांना का नाही हाकललं? बरं, आरती बंद. मग एवढं सांगा: मे महिन्यात 45 अंशांत चहाला थांबलं की ही पेट्रोलवाली पुन्हा सुरू का होत नाही? तिथं तुमचा 120 आणि 125 दोन्ही मेले!

परतवाडा पाना:
हा प्रश्न मात्र बरोबर आहे. या इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे, म्हणजे कार्ब तापलेल्या हेडवर बसतो, आणि फॉरवर्ड कंट्रोलमध्ये ते सगळं केबिनच्या पेटीत कोंडलेलं. गाडी बंद केली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून नोझलमधून खाली गळतं. त्या वेळी ॲक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही. पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर द्यायचा. कार्बखालचा बेकलाइटचा जाड इन्सुलेटर कुणी काढून टाकलाय का ते आधी बघा.

चालता चालता बंद पडत असेल तर ती वेगळी गोष्ट, पंपाच्या आधीच्या पाइपात वाफ होते. पाइप सायलेन्सरपासून दूर न्या, तीन तोंडांचा फिल्टर लावून एक मिलिमीटर भोकाची परतीची लाइन टाकीकडं सोडा.

घाटवळण:
आणि कुणी नव्या कारचा इलेक्ट्रिक पंप बसवू नका. तो 3 बारचा असतो, म्हणजे 40 पीएसआयच्या वर. या कार्बला 2.5 ते 3.75 पीएसआय लागतं. नीडल उघडीच राहते आणि पेट्रोल केबिनमध्ये वाहतं. कमी दाबाचा पंप घ्या, टाकीजवळ लावा, ऑइल प्रेशर स्विचमधून वायर घ्या. मूळ पंप ठेवला तर डिपस्टिक हुंगत चला, त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये जातं.

वऱ्हाडी टॅपेट:
बरं बाप्पा, चिच मागं घेतो, चटनीत टाकतो. पन फ्लोटचं कोनीच नाही सांगतलं. भोक पडलेला फ्लोट झाळला की कार्ब वरून वायते, त्याले कोनता जेट लावता?

परतवाडा पाना:
झाळताना कथील जास्त घातलं की फ्लोट जड होतो, खोल बुडतो आणि पातळी वर जाते. आधी गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा आणि आतलं पेट्रोल पूर्ण निघेपर्यंत, वास जाईपर्यंत तो तसाच तापवा. आत पेट्रोल राहिलेल्या फ्लोटला झाळायचा कावया लावला तर फुटतो. मग कमीत कमी कथील. झाळण्याआधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर वजन करा. तरीही वाहत असेल तर नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर जाड टाका, पातळी खाली येते. फ्लोटची दांडी वाकवायला जाऊ नका.

वऱ्हाडी टॅपेट:
सोनार म्हनीन, येडा झाला का बे. पन करून पाहातो. एम-सील मात्र खिशातच रायते, टाकीच्या भोकासाठी.